नोटिशीवरचा मॅनेजर

#थ्रेड #इतिहास

२८ मे २०१७, लंडनचे वेम्बली मैदान. ब्लॅकपूल आणि एक्सेटर सिटी हे दोन संघ समोरासमोर आहेत. इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत जाण्यासाठी आता एकच जागा उरली आहे आणि ती या सामन्यावर ठरायची आहे. एक्सेटरच्या खेळाडूंना मैदानाच्या कडेवरून सूचना देणारा माणूस जवळजवळ अकरा वर्षे या संघाचा मॅनेजर आहे. त्याचे नाव पॉल टिस्डेल. ज्या क्लबला त्याने वेम्बलीपर्यंत आणले, त्याच क्लबने सहा महिन्यांपूर्वी त्याला करार संपवण्याची नोटीस दिलेली आहे.

ही नोटीस कोणा लहरी धनिकाने दिलेली नव्हती. त्या दिवशी स्टँडमध्ये लाल-पांढरे रुमाल गळ्यात घालून बसलेल्या लोकांपैकी कितीतरी जण स्वतःच त्या क्लबचे मालक होते. टिस्डेलसाठी टाळ्या वाजवणारे हात आणि त्याच्या नोटिशीमागचे हात पुष्कळ अंशी एकच होते.

खालच्या श्रेणीतल्या क्लबने मॅनेजर बदलावा की बदलू नये, हा प्रश्न इंग्लंडमध्ये दर शनिवारी संध्याकाळी शेकडो पबमध्ये चघळला जातो. बहुतेक ठिकाणी त्याला चर्चेपलीकडे अर्थ नसतो, कारण निर्णय मालक घेतो आणि बाकीचे नुसते बोलतात. एक्सेटरमध्ये मात्र बोलणाऱ्यांनाच ठरवावे लागले. म्हणून हे प्रकरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खाली आणखी तीन राष्ट्रीय श्रेण्या आहेत आणि चारही श्रेण्यांत मिळून ९२ क्लब होतात. ‘लीग टू’ ही त्यांतली चौथी, म्हणजे सर्वांत खालची. तिच्यातले पहिले तीन संघ थेट वर जातात आणि चौथ्या ते सातव्या क्रमांकांत एका जागेसाठी प्ले-ऑफ होते. तळाचे दोन संघ पाचव्या श्रेणीत घसरतात. ही घसरण नुसती क्रीडाविषयक नसते. लीगकडून येणारा पैसा आटतो, प्रेक्षक रोडावतात, आणि वर परतायला कधी पाच वर्षे लागतात तर कधी परतणे होतच नाही. तळाशी असलेल्या क्लबला मॅनेजरचा प्रश्न म्हणूनच जिवावरचा वाटतो.

मॅनेजर हे पद आज आपल्याला जितके स्वाभाविक वाटते तितके ते जुने नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी संघनिवड बहुतेक क्लबांत संचालकांची समिती करत असे आणि मॅनेजर म्हणवला जाणारा गृहस्थ पुष्कळदा पत्रव्यवहार, रेल्वेची तिकिटे आणि हिशेब पाहणारा चिटणीस असे. १९२५ मध्ये आर्सेनलला आलेल्या हर्बर्ट चॅपमनने या पदाला आजचे वजन मिळवून दिले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाने तर निवड समिती बाजूला सारून सगळे अधिकार आल्फ रॅम्झीकडे सोपवायला १९६३ साल उजाडले.

यातून एक विचित्र गोष्ट घडली. जोवर संघ समिती निवडत होती तोवर पराभवाचा दोषही समितीत वाटला जाई. अधिकार एका माणसाच्या हाती आले तशी दोषालाही एकच मान मिळाली. मॅनेजरला काढणे हा क्लबच्या कारभारातला सर्वांत सोपा विधी होऊन बसला. त्याला ना नवे खेळाडू लागतात, ना नवा स्टँड. कागदावर एक सही केली की काहीतरी केल्याचे समाधान सर्वांना मिळते.

एक्सेटरला या समाधानाचा अनुभव होता, आणि तो चांगला नव्हता.

एक्सेटर हे इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात, एक्स नदीकाठी वसलेले कॅथीड्रलचे शहर. इथला क्लब कधीच मोठा नव्हता. तरी त्याच्या नावावर एक नवलाचा प्रसंग आहे. १९१४ मध्ये आर्थर चॅडविक या आपल्या पहिल्या मॅनेजरबरोबर हा संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि २१ जुलै रोजी रिओ द जानेरोत स्थानिक निवडक खेळाडूंकडून २-० असा हरला. तो निवडक संघ म्हणजेच ब्राझीलचा पहिला राष्ट्रीय संघ मानला जातो. पुढे पाच विश्वचषक जिंकणाऱ्या देशाची सुरुवात डेव्हनच्या या साध्या क्लबला हरवून झाली, हे एक्सेटरचे लोक आजही मोठ्या अभिमानाने सांगतात. पराभवाचा इतका अभिमान क्वचितच कोणी बाळगला असेल.

१९२० पासून लीगमध्ये असलेला हा क्लब २००२ च्या सुमारास भलत्याच हातांत गेला. चमचे वाकवण्यासाठी प्रसिद्ध असलेला उरी गेलर क्लबच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्यांत होता. त्याच्या शब्दाखातर जून २००२ मध्ये खुद्द मायकेल जॅक्सन सेंट जेम्स पार्कच्या गवतावर येऊन भाषण करून गेला. चौथ्या श्रेणीच्या त्या छोट्या मैदानावर पॉपचा सम्राट उभा आहे, हे दृश्य पाहून लोक खूश झाले. मागे कर्जाचा डोंगर उभा राहत होता, तो कोणाला दिसला नाही.

त्यानंतरच्या एकाच मोसमात, २००२-०३ मध्ये, क्लबने तीन मॅनेजर पाहिले. जॉन कॉर्नफोर्थ गेला, नील मॅकनॅब आला आणि गेला, मग गॅरी पीटर्स आला. शेवटच्या दिवशी, ३ मे २००३ रोजी, एक्सेटरने आपला सामना जिंकलाही. पण तिकडे स्वॉन्सीनेही आपला सामना जिंकला आणि एक्सेटर लीगमधून बाहेर फेकला गेला. चौथ्या श्रेणीतून एकाऐवजी दोन संघ खाली पाठवण्याचे ते पहिलेच वर्ष होते. आदल्या वर्षीचा नियम असता तर एक्सेटर वाचला असता. ८३ वर्षांचे लीगमधले वास्तव्य असे संपले. काही आठवड्यांतच क्लबच्या अध्यक्षाला आणि उपाध्यक्षाला अटक झाली आणि पुढे न्यायालयात दोघेही दोषी ठरले.

कोणी घ्यायला तयार नसलेला, कर्जात बुडालेला, पाचव्या श्रेणीतला क्लब मग पाठीराख्यांच्या ट्रस्टने हाती घेतला.

ट्रस्ट या शब्दाने मराठी वाचकाची दिशाभूल होऊ नये. हे देणगीदारांचे विश्वस्त मंडळ नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ही सहकारी संस्थांच्या कुळातली नोंदणीकृत संस्था आहे. ठरावीक वर्गणी भरणारा प्रत्येक जण सभासद होतो आणि प्रत्येक सभासदाला एकच मत असते, मग त्याने कितीही पैसे दिलेले असोत. या तत्त्वाची मुळे १८४४ मध्ये रॉचडेल गावच्या विणकरांनी काढलेल्या दुकानापर्यंत जातात. (त्या रॉचडेलचाही एक खालच्या श्रेणीत धडपडणारा फुटबॉल क्लब आहे, हे जाता जाता.) तेच तत्त्व १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर भारतात रुजले आणि पुढे प्रवरेकाठी साखर कारखान्याच्या रूपाने उभे राहिले. वार्षिक सभा, खालून येणारे प्रश्न, मंचावरची अस्वस्थता आणि ‘आमच्या पैशाचे काय केलेत’ हा सूर ज्याने आपल्या गावी ऐकला आहे, त्याला एक्सेटरच्या सभा परक्या वाटणार नाहीत.

ट्रस्टच्या लोकांनी डबे फिरवून पैसे गोळा केले, मैदानाची रंगरंगोटी केली, फुकट राबले. मग जानेवारी २००५ मध्ये नशीब उघडले. एफए कपच्या चिठ्ठ्यांत पाचव्या श्रेणीतल्या एक्सेटरची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली. ओल्ड ट्रॅफर्डवर सदुसष्ट हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर एक्सेटरने ०-० अशी बरोबरी साधली. पुन्हा खेळवल्या गेलेल्या सामन्यात रोनाल्डो आणि रूनी यांच्या गोलांनी एक्सेटर हरला, पण दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्ज फेडण्याचा मार्ग मोकळा झाला. या क्लबमध्ये पैशाला जी किंमत आहे ती या प्रसंगाशिवाय कळत नाही. एका ०-० ने वाचवलेली ही संस्था होती.

२००६ च्या जूनमध्ये पॉल टिस्डेल आला. वय तेहेतीस. पूर्वी तो बाथ विद्यापीठाच्या ‘टीम बाथ’ या संघाचा प्रशिक्षक होता. २००२ मध्ये तो संघ एफए कपच्या पहिल्या फेरीत पोहोचला होता आणि विद्यापीठाच्या संघाने असे करण्याची शतकाहून अधिक काळातली ती पहिलीच वेळ होती. मैदानाच्या कडेला तो ट्रॅकसूटऐवजी जाकीट, टोपी, कधी गळ्याभोवती नीट बांधलेला रुमाल अशा थाटात उभा राही. बोलणे शांत, थोडे प्राध्यापकी. डेव्हनच्या लोकांना आधी ते गमतीचे वाटले, मग आवडू लागले. आणि संघ हरायला लागला तेव्हा त्याच रुमालावर सर्वांत जास्त राग निघाला.

पहिली पाच वर्षे मात्र स्वप्नासारखी गेली. २००७ मध्ये वेम्बलीवर पाचव्या श्रेणीच्या प्ले-ऑफचा अंतिम सामना मोरकॅम्बविरुद्ध हरला. २००८ मध्ये केंब्रिज युनायटेडला १-० ने हरवून एक्सेटर लीगमध्ये परतला. २००९ मध्ये लागोपाठ दुसरी बढती मिळाली. २०११ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत आठवा आला आणि दुसऱ्या श्रेणीच्या प्ले-ऑफपासून एका गुणाने दूर राहिला. या चढत्या काळावर एक गडद छायाही आहे. संघाचा लाडका स्ट्रायकर अ‍ॅडम स्टॅन्सफील्ड ऑगस्ट २०१० मध्ये कर्करोगाने गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. क्लबने त्याचा नऊ क्रमांकाचा शर्ट नऊ मोसमांसाठी कोणालाच न देण्याचे ठरवले.

त्यानंतर उतार लागला. २०१२ मध्ये पुन्हा चौथी श्रेणी. पुढच्या चार मोसमांतले क्रमांक असे: दहावा, सोळावा, दहावा, चौदावा. यात ना बढती, ना घसरण. २०१४ च्या उन्हाळ्यात तर पगार भागवण्यासाठी व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेकडून कर्ज घ्यावे लागले आणि नवे खेळाडू घेण्यावर निर्बंध आले.

या चार क्रमांकांकडे दोन प्रकारे पाहता येते, आणि एक्सेटरमधला सगळा वाद या दोन पाहण्यांतला होता.

एक बाजू म्हणे, हा माणूस थकला आहे. दहा वर्षांत त्याला जे द्यायचे होते ते त्याने दिले. पासांची नक्षी देखणी आहे, पण घरच्या मैदानावर लोक हिवात कुडकुडत पराभव पाहायला येत नाहीत. दुसरी बाजू म्हणे, पैसे कुठे आहेत? धनाढ्य मालक असलेल्या क्लबांशी झगडत वर्गणीवर चालणारा क्लब चौथ्या श्रेणीच्या मध्यावर टिकतो आहे, हेच मॅनेजरचे कर्तृत्व आहे. शिवाय तो घडवतो आहे ती मुले पाहा. मॅट ग्राइम्स हा अकादमीत वाढलेला मिडफिल्डर जानेवारी २०१५ मध्ये स्वॉन्सीला साडेसतरा लाख पौंडांना विकला गेला. एवढ्या रकमेत एक्सेटरसारख्या क्लबचे मोसम उलटतात.

खरे सांगायचे तर दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. आणि दोघांच्याही हाती पुरावा नव्हता. दुसरा मॅनेजर असता तर संघ सातवा आला असता की तेविसावा, हे कळण्याचा मार्ग कोणापाशीच नसतो.

२०१६ च्या शरदात मात्र चर्चेला धार चढली. संघ घसरत घसरत लीग टूच्या अगदी तळाला गेला. घरच्या मैदानावरचे पराभव विशेष बोचत होते. २००३ च्या आठवणी जाग्या झाल्या. आणि याच वेळी लोकांचे लक्ष एका कागदाकडे गेले.

टिस्डेलचा करार ‘रोलिंग’ होता, दोन वर्षांचा. म्हणजे त्याला ठरलेली अखेरची तारीख नव्हती. आज मोजा, दोन वर्षे शिल्लक. वर्षभराने मोजा, तरी दोन वर्षेच शिल्लक. करार रोज एक दिवसाने पुढे सरके. नदीकाठी उभे राहून पाहणाऱ्याला क्षितिज जितके दूर दिसते तितकेच ते चालणाऱ्यालाही दिसत राहावे, तसा हा प्रकार.

असे करार वेड्यांनी केलेले नसतात. उगवत्या मॅनेजरवर मोठ्या क्लबांचा डोळा असतो. त्याला कोणी उचलून नेले तर उरलेल्या मुदतीच्या हिशेबाने भरपाई मिळते. मुदत जितकी लांब, तितकी क्लबची बाजू भक्कम. बढतीच्या काळात असा करार म्हणजे तटबंदी होती. घसरणीच्या काळात त्याच तटबंदीचा तुरुंग झाला. आज मॅनेजरला घरी पाठवायचे तर त्याला दोन वर्षांच्या पगाराइतकी रक्कम देणे लागू शकते. ती रक्कम द्यायची कोणी? ज्यांनी २००३ मध्ये डबे फिरवले त्यांनीच.

धनाढ्य मालकाच्या क्लबात हा प्रश्न उद्भवत नाही. मालक चेक फाडतो आणि पुढचा माणूस आणतो. एक्सेटरमध्ये प्रत्येक सभासदाला मनातल्या मनात हिशेब करावा लागला: एक मॅनेजर घालवण्याची किंमत म्हणजे किती खेळाडू, किती प्रशिक्षक, अकादमीतली किती मुले?

पाठीराख्यांच्या ट्रस्टमध्ये या करारावर खल झाला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये क्लबने टिस्डेलला करार संपवण्याची नोटीस दिली. त्याला काढले नाही. तो पदावर राहिला, संघ तोच निवडत राहिला. फक्त सरकणारे क्षितिज थांबले. आता नोव्हेंबर २०१८ ही तारीख भिंतीवर लागली होती.

इंग्लंडच्या क्रीडावृत्तांत या निर्णयाची थोडी थट्टाच झाली. काढायचे तर काढा, ठेवायचे तर ठेवा. हे मधलेच काय? पण हा मधला मार्ग कातडी वाचवण्यासाठी काढलेला नव्हता. त्याने एकत्र गुंतलेले दोन प्रश्न सुटे केले. हा माणूस आपल्याला हवा का, हा एक प्रश्न. अशा अटींवर कोणताही माणूस आपल्याला परवडतो का, हा दुसरा. पबमधला वाद नेहमी पहिल्याभोवती फिरतो, कारण त्यात चव आहे. संस्था टिकते की बुडते हे बहुधा दुसऱ्यावर ठरते.

मग जे घडले ते नाटककाराने लिहिले असते तर अतिरंजित म्हटले गेले असते.

संघ जिंकू लागला. ऑली वॉटकिन्स नावाचा वीस वर्षांचा मुलगा, क्लबच्याच अकादमीतला, गोल करू लागला. वर्षअखेरीस न्यूपोर्टविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन गोल केले. वसंतात त्याला तिन्ही श्रेण्यांतला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. तळाचा संघ मोसमाअखेर पाचवा आला. प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत कार्लाइलविरुद्ध पहिला सामना ३-३. दुसऱ्या सामन्यात सेंट जेम्स पार्कवर भरपाईच्या वेळेत, ९५ व्या मिनिटाला, जॅक स्टेसीने चेंडू जाळ्यात मारला आणि ३-२. त्या रात्री मैदानावर धावत आलेल्या लोकांत नोटिशीच्या बाजूचे किती आणि विरोधातले किती, हे कोणी मोजले नाही.

वेम्बलीवर ब्लॅकपूलने एक्सेटरला २-१ ने हरवले. पुढच्या मोसमात संघ चौथा आला, पुन्हा वेम्बलीवर गेला आणि २८ मे २०१८ रोजी, बरोबर त्याच तारखेला, कोव्हेंट्रीकडून ३-१ ने हरला.

नोटिशीने मॅनेजरला जागे केले, असे तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. ही समजूत आकर्षक आहे. तिच्याकडे जरा संशयाने पाहिलेले बरे.

१८८६ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने आईबाप आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सहसा आईबापांइतकी नाहीत. फार बुटक्यांची मुले सहसा तितकी बुटकी नसतात. टोकाची गोष्ट पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकते. फुटबॉललाही हे लागू पडते. मॅनेजरला काढतात ते संघ सर्वांत वाईट अवस्थेत असताना, आणि त्या अवस्थेतून कोणत्याही मार्गाने पुढचे पाऊल बहुधा वरच पडते. दोन डच अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हॉलंडच्या अव्वल लीगमधल्या चौदा मोसमांची छाननी प्रसिद्ध केली. प्रशिक्षक बदलल्यावर संघांची कामगिरी सुधारत होती, हे खरे. पण तितक्याच वाईट स्थितीत असूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, त्यांचीही कामगिरी जवळपास तशीच सुधारत होती.

ज्वर उतरायच्या दिवशी जो वैद्य आला, त्याला यश. एक्सेटरमध्ये तर वैद्यही बदलला नव्हता. जुन्यालाच सांगितले होते की दोन वर्षांनी दुसरा पाहू.

तेव्हा त्या नोव्हेंबरात जे सभासद म्हणत होते की टिस्डेलची जादू संपली, ते चुकले होते. गुणतक्ता त्यांच्या विरोधात साक्ष देतो. परंतु करार मोडला पाहिजे असे म्हणण्यात ते अजिबात चुकले नव्हते. एका मॅनेजरचे जाणे जी संस्था विकत घेऊ शकत नाही, तिने त्याला अनंत मुदत देऊ नये. ही दोन विधाने एकाच माणसाच्या तोंडी शोभत नाहीत असे वाटते, आणि म्हणूनच ती एकत्र क्वचित ऐकू येतात. आणखी एक गोष्ट कबूल करावी लागते. खिशात पैसे असते तर त्या लोकांनी टिस्डेलला बहुधा त्याच महिन्यात घालवले असते. गरिबीने त्यांना एका चुकीपासून वाचवले.

त्याच मोसमात लंडनमध्ये आर्सेन वेंगरच्या विरोधात फलक फडकत होते. १९९६ पासून पदावर असलेला वेंगर तेव्हा चारही श्रेण्यांतला सर्वांत जुना मॅनेजर, आणि टिस्डेल दुसरा. जगातल्या श्रीमंत क्लबांपैकी एक असलेल्या आर्सेनलने वेंगरला मे २०१७ मध्ये दोन वर्षांचा नवा करार दिला आणि वर्षभरातच त्याला निरोप द्यावा लागला. वेंगर मे २०१८ मध्ये गेला तेव्हा काही दिवसांपुरता टिस्डेल इंग्लंडमधला सर्वांत दीर्घकाळ टिकलेला मॅनेजर ठरला. नोटिशीवर असतानाच.

नोटिशीला किंमत होती, आणि ती चुकवावी लागली. ज्या माणसाला आपण तारीख दिली तोही आपल्याला तारीख देऊ शकतो. कोव्हेंट्रीकडून हरल्यावर नव्या करारावर एकमत झाले नाही आणि जून २०१८ च्या पहिल्याच आठवड्यात टिस्डेल एमके डॉन्सला गेला. पाठीराख्यांच्या मालकीचा अभिमान बाळगणाऱ्यांना याहून बोचरे ठिकाण सापडले नसते. एमके डॉन्स म्हणजे २००३ मध्ये लंडनहून उचलून मिल्टन कीन्सला नेलेला विम्बल्डन क्लब. त्या स्थलांतराला वैतागलेल्या पाठीराख्यांनी आपला स्वतःचा वेगळा क्लब काढला होता. पुढच्या मोसमात टिस्डेलचा एमके डॉन्स त्याच लीग टूमध्ये तिसरा आला आणि थेट वर गेला. एक्सेटर नववा आला, प्ले-ऑफपासून एका गुणाने दूर.

नोटीस नसती तर तो राहिला असता का? कदाचित. कदाचित २०१९ मध्ये एक्सेटरच वर गेला असता. ‘कदाचित’ला गुणतक्त्यात रकाना नसतो.

दरम्यान वॉटकिन्स जुलै २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला गेला होता. विकताना क्लबने पुढच्या विक्रीतला हिस्सा राखून ठेवला होता. २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने त्याच्यासाठी कोट्यवधी पौंड मोजले तेव्हा त्या हिश्श्याने, टाळेबंदीत रिकाम्या पडलेल्या सेंट जेम्स पार्कला मोठा आधार दिला. जुलै २०२४ मध्ये युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध ९० व्या मिनिटाला गोल करून इंग्लंडला अंतिम फेरीत नेणारा तो हाच.

टिस्डेलच्या जागी एक्सेटरने बाहेरचा कोणी बडा माणूस आणला नाही. मॅट टेलर आला. तो टिस्डेलच्याच संघातला माजी कर्णधार आणि नंतर क्लबच्या तरुण संघाचा प्रशिक्षक. २०२० मध्ये त्यालाही वेम्बलीवर नॉर्दम्प्टनकडून ४-० असा मार खावा लागला, तोही एकही प्रेक्षक नसलेल्या स्टेडियममध्ये. पुढच्या वर्षी पुन्हा नववा क्रमांक. ‘बदला’ म्हणणारे आवाज याही वेळी उठले. क्लबने त्याला ठेवले, आणि एप्रिल २०२२ मध्ये एक्सेटरने दहा वर्षांनंतर तिसऱ्या श्रेणीत पाऊल टाकले.

सहा महिन्यांतच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, दुसऱ्या श्रेणीतल्या रॉदरहॅमने टेलरला बोलावले आणि तो गेला. सेंट जेम्स पार्कच्या मालकांना पुन्हा मॅनेजर शोधायचा होता. या वेळी अर्जांच्या गठ्ठ्याबरोबर कराराची मुदत किती असावी, हा मुद्दाही त्यांच्यासमोर होता.